भाजलेल्या भांड्यातला दोष: कुठला सुधारतो, कुठला नाही

ग्लेझ लावून भाजलेल्या भांड्यात दोष दिसला, की बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते पुन्हा ग्लेझ चोपडून पुन्हा भाजणे. स्टुडिओत शेजारी उभा असलेला माणूसही हाच सल्ला देतो. काही दोषांना तो लागू पडतो, काहींना अजिबात पडत नाही, आणि काही वेळा बऱ्यापैकी चांगले भांडे त्यापायी कायमचे जाते. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी एवढेच ठरवा: दोष काचेच्या थरात आहे, काच आणि माती यांच्या जुळणीत आहे, की मातीतच आहे? थरातला दोष बहुधा सुधारतो. जुळणीतला सुधारत नाही, तो पुढच्या खेपेला टाळायचा असतो. मातीतला दोष भट्टीत परत घातला की वाढतो.

इथे जे सांगतो आहे ते मुख्यतः विजेच्या भट्टीत १२०० ते १२५० अंश सेल्सिअसला भाजलेल्या स्टोनवेअरबद्दल आहे. बाजारातून आणलेल्या, किती अंशांना भाजले ते ठाऊक नसलेल्या भांड्याला यातले भट्टीचे उपाय लावू नका. जयपूरची ब्लू पॉटरी तर नेहमीच्या मातीची नसतेच. गारेची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांच्या मिश्रणातून ती घडवतात आणि साधारण ८०० ते ८५० अंशांना भाजतात. तिचा टवका उडालेला वाडगा स्टोनवेअरच्या भट्टीत घातला, तर वाडगा तर जाईलच, पण खालची फळी आणि शेजाऱ्यांची भांडीही घेऊन जाईल.

भट्टी १०० अंशांच्या खाली उतरल्यावर भांडी काढा, आणि पहिली पाहणी उघड्या बोटांनी करू नका. बुडाला चिकटलेला ग्लेझचा कण किंवा फुटलेल्या फोडाची कड बोट सहज कापते. कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा भांड्यावरून फिरवा. धागा अडकेल तिथे पेन्सिलीने खूण करा. हे काम उन्हात, तिरक्या उजेडात करा, ट्यूबलाइटखाली निम्मे दोष दिसत नाहीत. मग भांडे तळहातावर तोलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. खणखणीत वाजले तर अंग शाबूत आहे. बद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे, दिसत असो वा नसो, आणि त्या भांड्याला दुसरी भाजणी द्यायची नाही. मडके विकत घेताना आपल्याकडे बायका हेच करत आल्या आहेत. त्या परीक्षेला अजून पर्याय निघालेला नाही.

घासून निघणारे दोष

बुडाशी ओघळून घट्ट झालेला थेंब, फळीचा चिकटलेला तुकडा, किल्न वॉशचे, म्हणजे फळीवरच्या लेपाचे, खडबडीत पापुद्रे, झाकणाच्या खाचेत आलेली ग्लेझची गाठ, ही सगळी कामे भट्टीची नाहीत, दगडाची आहेत. कार्बोरंडमचा दगड किंवा डायमंडचा हातपॅड घ्या, दोन्ही हार्डवेअरच्या किंवा टाइल्सवाल्यांच्या दुकानात मिळतात. परातीत पाणी घ्या आणि भांडे व दगड दोन्ही ओले ठेवून घासा. जाडसर दाण्याने सुरुवात करा, थेंब बुडाच्या पातळीला आला की बारीक दाण्याकडे या, शेवटी वॉटर पेपरने हात फिरवा. बूड जेवणाच्या टेबलावर ओरखडे काढणार नाही इतके गुळगुळीत झाले की थांबा.

ओले घासण्याचा आग्रह सोयीसाठी नाही. माती आणि ग्लेझ दोन्हींत सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली की परत निघत नाही, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. कोरडे घासायची वेळ आलीच तर एन-९५ मास्क हवा. तोंडावर रुमाल बांधून भागत नाही. डोळ्यांना चष्मा दोन्ही वेळा हवा. फिरणारे छोटे यंत्र वापरत असाल तर डायमंडचे टोक लावा आणि स्पंजाने पाण्याचे थेंब सोडत राहा, पण यंत्र बॅटरीवर चालणारे घ्या. प्लगला लावलेला अँगल ग्राइंडर आणि पाण्याची परात शेजारी शेजारी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते धाडस नाही, बेपर्वाई आहे.

भांडे फळीलाच चिकटले असेल तर ते उपटू नका. फळी उभी धरा, चिकटलेल्या जागेलगत लाकडी ठोकळा लावून आडवे, हलके ठोके द्या. काच खाली बसलेली असते, तिला कातरणारा ठोका लागतो. वर ओढलात तर बुडाचा टवका फळीवर राहतो. पुढच्या वेळी बुडापासून निदान पाच मिलिमीटर ग्लेझ पुसून टाका. वाहणारे ग्लेझ असेल तर आणखी वरपर्यंत. फळीला अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन समभाग घेऊन केलेला किल्न वॉश लावा.

दुसऱ्या भाजणीने सुधारणारे दोष

सगळ्यात जास्त विचारले जाते ते पिनहोलबद्दल. सुईच्या टोकाएवढे छिद्र, तळाशी माती दिसते. ग्लेझ वितळत असताना खालच्या मातीतून किंवा ग्लेझमधल्याच खडूसारख्या पदार्थांतून निघालेला वायू बाहेर पडला आणि त्याने केलेली वाट बुजायच्या आत काच घट्ट झाली, असा त्याचा अर्थ. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, फार घाईने किंवा फार कमी तापमानाला झाले असेल तर मातीतला कार्बन जळून जायचा राहतो आणि ग्लेझच्या भाजणीत त्रास देतो. बिस्कमध्ये ७०० ते ९०० अंशांच्या टप्प्यात सावकाश चढले आणि शेवट १००० अंशांच्या आसपास केला, तर निम्मी छिद्रे पडतच नाहीत.

पडलेल्या छिद्राचे काय? वरून ग्लेझ फासणे हा सर्वात नेहमीचा आणि सर्वात निरुपयोगी उपाय आहे. छिद्राच्या तोंडाशी हवा अडकते, ग्लेझचा पूल तयार होतो आणि भट्टीत तो पूल पुन्हा फुटतो. आधी डायमंडच्या बारीक टोकाने छिद्राचे तोंड रुंद करा, कडा तिरक्या करा, म्हणजे पसरट खड्डा होईल. मग भांडे साबणाच्या पाण्याने धुवा. बोटांचा तेलकटपणा राहिला तर त्या जागी ग्लेझ टिकत नाही. धुतलेले भांडे पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात याला वेळ लागतो, घाई करू नका.

आता खरी अडचण येते. बिस्कचे भांडे पाणी शोषते म्हणून ग्लेझ त्याच्यावर बसते. एकदा काच झालेले भांडे काहीच शोषत नाही, ग्लेझ घसरून खाली येते. म्हणून भांडे आधी गरम करायचे. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास तापवा, किंवा हेअर ड्रायरने दुरुस्तीची जागा हाताला चटका बसेल इतपत गरम करा. ग्लेझ चाळून घ्या, वरचे पाणी काढून ते धिरड्याच्या पिठाइतके दाट करा आणि त्यात सीएमसीचे (सेल्युलोजच्या डिंकाचे) द्रावण मिसळा. लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम सीएमसी रात्रभर भिजवले की हे द्रावण होते. सीएमसी नसेल तर बाभळीच्या डिंकाचे पाणी चालते. दोन्ही काही दिवसांत नासतात आणि घाण वास मारतात, तेव्हा थोडेच करा. डिंक घातलेले ग्लेझ मूळ बादलीत परत ओतू नका, सगळी बादली बिघडेल.

हे दाट ग्लेझ बोटाने किंवा लाकडी टोकाने खड्ड्यात दाबून भरा. वाळले की आकसून खाली बसेल, पुन्हा भरा. पृष्ठभागाच्या किंचित वर राहिले पाहिजे, कारण वितळल्यावर ते आणखी बसणार आहे. आजूबाजूला पसरलेले ओल्या स्पंजाने पुसून घ्या. दुरुस्ती दर्शनी भागावर असेल तर नुसता ठिपका भरण्यापेक्षा त्या संपूर्ण बाजूवर, कडेपासून कडेपर्यंत, ग्लेझचा पातळ हात द्यावा. ठिपका भाजल्यावरही ठिपकाच दिसतो.

फोड आले असतील तर प्रकरण थोडे वेगळे असते. पिनहोल म्हणजे काच नीट बसायला वेळ मिळाला नाही. फोड म्हणजे बहुधा ती उकळली. मोठे, कडा उभ्या असलेले खळगे दिसले तर तापमान जास्त झाले किंवा ग्लेझ जाड बसले असे समजा. त्याच तापमानाला परत नेले तर ती परत उकळेल. फोड आधी घासून सपाट करा, आणि पुढची भाजणी एक कोन (भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा सुळका) खाली द्या.

ग्लेझ गोळा होऊन मधली माती उघडी पडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा धूळ, तेलकट हात किंवा जाड थर असते. कधी ते ग्लेझच्या घडणीतच असते: केओलिन किंवा झिंक ऑक्साइड जास्त असले की थर वाळतानाच बारीक भेगाळतो आणि वितळताना त्या भेगांवरून मागे सरकतो. अर्धे केओलिन आधी भाजून वापरले की हा त्रास कमी होतो. दुरुस्ती करताना उघड्या जागेभोवती जी जाड, गोल कड तयार झालेली असते ती आधी घासून उतरवा. ती तशीच ठेवून मध्ये ग्लेझ भरले तर नवे ग्लेझही त्या कडेकडेच ओढले जाते.

आता भाजणीचा आलेख. बिस्कचे भांडे भराभर तापवले तरी सोसते. काचेचे कवच चढलेले भांडे सोसत नाही. पहिल्या १०० अंशांपर्यंत फार हळू चढा आणि तिथे थोडे थांबा. जुने, वापरातले, बारीक भेगा असलेले भांडे असेल तर बराच वेळ थांबा, कारण भेगांतून आत शिरलेले पाणी वाफ होऊन टवके उडवते. तिथून ६०० अंशांपर्यंत तासाला ६० ते १०० अंशांपेक्षा जास्त नको. ५७३ अंशांना मातीतल्या गारेच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. उतरताना त्याच जागी एकदम आकसतात. भांड्याचा एक भाग त्या रेषेच्या वर आणि दुसरा खाली असला की तडा जातो. ६०० नंतर नेहमीच्या वेगाने जा. टोकाला मूळ कोन किंवा त्याहून एक खाली, आणि तिथे दहा ते वीस मिनिटांचा थांबा. पिनहोलसाठी आणखी एक युक्ती चांगली लागू पडते: टोक गाठल्यावर भट्टी ५० ते ८० अंश खाली आणून तिथे अर्धा तास धरायची. वायू निघायचा थांबलेला असतो, काच मात्र अजून खड्डे बुजवण्याइतकी प्रवाही असते.

पायरोमीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. कोन सहा म्हणजे साधारण १२२० अंश असे आपण म्हणतो, पण कोन वाकतो तो तापमान आणि वेळ या दोन्हींमुळे. तापवण्याचा वेग बदलला की तोच कोन वेगळ्या आकड्याला वाकतो. दुरुस्तीच्या भांड्याशेजारी साक्षीदार कोन ठेवा. उतरतानाही ६०० ते ५०० आणि पुढे २५० ते २०० या टप्प्यांत झाकण उघडून डोकावू नका. स्टोनवेअरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार झालेले असेल तर २२६ अंशांच्या आसपास आणखी एक आकसणे असते, आणि दुसऱ्या भाजणीत क्रिस्टोबलाइट वाढलेले असण्याची शक्यता असते. सपाट, रुंद ताटांना याची झळ सर्वात आधी बसते. कप आणि छोटे वाडगे मानाने सुखरूप येतात. रुंद ताट असेल तर मी पिनहोल सोसायला सांगेन.

दुसऱ्या भाजणीत रंग तसाच राहील हे गृहीत धरू नका. तांब्याचे लाल, रुटाइलचे निळे आणि लोखंडाचे लाल-तपकिरी रंग हमखास बदलतात, कधी सुधारतात, बहुधा मळकट होतात. वाहणारे ग्लेझ आणखी वाहते, म्हणून दुरुस्तीचे भांडे फळीवर थेट न ठेवता मऊ विटेच्या कापावर, अ‍ॅल्युमिना शिंपडून ठेवा. डेकल आणि सोने ७०० ते ८०० अंशांच्या आसपास बसवलेले असतात, ग्लेझच्या तापमानाला ते उडून जातात. तेव्हा ग्लेझची दुरुस्ती आधी, सोने नंतर. भट्टी स्टुडिओची असेल तर 'हे दुसऱ्यांदा जातंय' असे भरणाऱ्याला आवर्जून सांगा. तो ते खालच्या फळीवर, कडेला ठेवेल.

एक लहान पर्यायही ध्यानात ठेवा. शोभेच्या भांड्यावर बोटाच्या पेराएवढी उघडी जागा असेल तर पुन्हा १२२० गाठायची गरज नाही. ग्लेझवर लावायचे इनॅमल रंग ७५० ते ८०० अंशांना बसतात, त्यात पान, फूल, रेघ काही काढून जागा झाकता येते. अन्नाचा संबंध येणाऱ्या आतल्या बाजूला मात्र हे रंग नकोत. त्यांतल्या काहींत शिसे असते.

न सुधारणारे दोष

ग्लेझमधल्या बारीक जाळीदार भेगा, म्हणजे क्रेझिंग, पाहून लोक फार लवकर हळहळतात किंवा फार लवकर माफ करतात. थंड होताना काच मातीपेक्षा जास्त आकसली की ती ताणली जाते आणि तडकते. वरून तेच ग्लेझ दिले तर तेही तसेच तडकणार, कारण जुळणी तीच आहे. पुढच्या बादलीत सिलिका वाढवणे, सोडियम-पोटॅशियम देणारा फेल्डस्पार कमी करणे, हा त्याचा उपाय. भेगा भट्टीतून काढताना नसतात आणि महिन्यांनी उमटतात असेही होते. तुमचे ग्लेझ त्या वाटेवर आहे का ते पाहायला एखादे नमुना-भांडे उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, असे आलटून पालटून बुडवा.

चीनमध्ये सोंग काळापासून गे प्रकारच्या भांड्यांवर अशा भेगा मुद्दाम आणत आणि त्यांच्यात गडद रंग भरत. फुलदाणीवर तुम्हीही शाई किंवा दाट चहा चोळून ती जाळी उठावदार करू शकता. वापराच्या भांड्याबद्दल मात्र माती किती घट्ट भाजली आहे त्यावर ठरवा. भांड्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर ते भांडे ना चहाचे, ना फुलांचे. कागद कोरडा राहिला तर रोज धुवून वाळणारा कप म्हणून चालवायला हरकत नाही. लोणच्याची बरणी म्हणून नको; मीठ, आंबट आणि तेल महिनोन्‌महिने त्या भेगांत मुरत राहतील.

आंबटाची परीक्षा भेगा नसलेल्या भांड्यालाही घ्यावी, विशेषतः ग्लेझ स्वतः बनवले असेल आणि भाजणी कमी झाल्याची शंका असेल तेव्हा. आतल्या बाजूला लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी त्या जागेचा रंग फिका पडला किंवा चकाकी गेली, तर त्या ग्लेझमधून धातू अन्नात उतरू शकतात. रंग बदलला नाही म्हणजे भांडे निर्धोक असे मात्र होत नाही; शिसे-कॅडमियमचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो.

क्रेझिंगच्या उलट दोष म्हणजे कडांवरून, कानावरून ग्लेझचे धारदार पापुद्रे सुटणे. इथे काच मातीपेक्षा कमी आकसली आणि दाबाखाली येऊन उखडली. याला दुरुस्ती नाही आणि दयामायाही नाही. आज एक पापुद्रा निघाला, उद्या दुसरा वरणात निघेल. भांडे फोडून टाका.

राहिले तडे. तड्याची कड पाहा. कडांवर ग्लेझ वितळून गोल झालेले असेल तर तडा चढतीलाच गेला, किंवा त्याहून आधी, वाळताना पडला. बुडाला 'एस' आकाराचा तडा असतो तो बहुधा असाच, चाकावर बूड नीट दाबले न गेल्यामुळे. कड धारदार असेल तर तो थंड होताना गेला, म्हणजे भट्टी लवकर उघडली किंवा वेगाने उतरवली. दोन्हींत ग्लेझ भरून भाजू नका. ग्लेझ भेगेत शिरून तिला आणखी फाकवते आणि पुष्कळदा भांडे दुभंगते. बिस्कच्या टप्प्यावर सापडलेला बारीक तडा बिस्कचीच पूड आणि सोडियम सिलिकेट कालवून भरता येतो. ग्लेझनंतर ती वेळ निघून गेलेली असते.

मग उरतो थंड उपाय. शोभेच्या वस्तूला इपॉक्सी, त्यात भाजलेल्या मातीची पूड किंवा रंग मिसळून, चांगला बसतो. चोवीस तासांनी घासा, वर अ‍ॅक्रिलिक रंग लावा. इपॉक्सी लावलेले भांडे पुन्हा भट्टीत जात नाही, इपॉक्सी जळतो आणि विषारी धूर होतो. किन्त्सुगीच्या नावाने जे संच विकले जातात त्यांतले बरेच म्हणजे इपॉक्सी आणि सोनेरी अभ्रकाची पूड. दिसायला छान, पण गरम चहाला नाही.

खरी किन्त्सुगी उरुशी या झाडाच्या चिकाने होते. चिकात कणीक मळून तुकडे जोडतात, बारीक मातीच्या लुकणाने खाचा भरतात, वर पुन्हा चीक आणि त्यावर सोन्याची पूड. हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही, ७० ते ८५ टक्के आर्द्रतेत घट्ट होतो. त्यासाठी जपानमध्ये ओलसर पेटी लागते, कोकणात पावसाळ्यात ती हवा फुकट मिळते. एकेका थराला दिवस आणि सगळ्या कामाला आठवडे लागतात. उरुशीचे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले आहे. ज्यांना बिब्बा उततो किंवा काजूच्या बियांचे तेल लागून फोड येतात त्यांनी हे काम करूच नये, बाकीच्यांनी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांशिवाय करू नये. आणि सोन्याची रेघ हा एकच मार्ग आहे असेही नाही. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात बाकोहान नावाचा चिनी सेलाडॉन वाडगा आहे. शोगुन अशिकागा योशिमासाने पंधराव्या शतकात तो तडकल्यावर बदली मागायला चीनला पाठवला, तर 'आता असा वाडगा होत नाही' या उत्तरासह तो धातूच्या टाचण्या मारून परत आला, अशी आख्यायिका आहे. टाचण्या आजही तशाच आहेत आणि मला त्या सोन्यापेक्षा प्रामाणिक वाटतात.

जोडलेले किंवा इनॅमलने झाकलेले भांडे विकणार किंवा भेट देणार असाल, तर बुडाला न पुसणाऱ्या शाईने किंवा कोरून 'फक्त शोभेसाठी' असे लिहा. किमतीची चिठ्ठी पहिल्या धुण्यात जाते, आणि पाच वर्षांनी कुणीतरी त्या सोनेरी रेघेच्या वाडग्यात आमटी घालून तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो.